एका गुणाची गोष्ट

या सदराला एरवी एक पान मिळते, आणि त्यातलेही खालचे बोटभर केसांच्या तेलाच्या जाहिरातीने खाल्लेले असते. दिवाळी अंक आला की संपादकमहाशयांचा हात सैल होतो. "यंदा चार पाने घ्या, पण विषय जरा लांबचा असू द्या, उगीच तुमचे ते विद्यार्थी आणि वर्ग नकोत," असे त्यांनी बजावले आहे. म्हणून मी लक्झेम्बर्गला निघालो आहे. आता तिथे जाऊनही मंचरलाच परत येणे झाले, तर तो दोष माझा नव्हे, एस. टी. जिथे सोडते तिथेच माणूस उतरतो.

गोष्ट अशी झाली. २०२५ च्या मे महिन्यात एका शनिवारी रात्री साडेबाराला मला जाग आली, तर शेजारच्या खोलीत दिवा. मंचरला रात्री साडेबाराला जागे असतात ते तिघेच : हमरस्त्यावरचे ट्रक, उसातला बिबट्या आणि परीक्षा असलेली पोरे. आमच्या कन्येची परीक्षा तर संपली होती. जाऊन पाहिले, तर बाईसाहेब मोबाईल उशीला टेकवून गाणी पाहत होत्या. "बाबा, ओरडू नका, युरोव्हिजन आहे," ती म्हणाली. मी ओरडणारच होतो. पण तेवढ्यात पडद्यावर एक तरुणी बाहुलीच्या वेषात येऊन गाऊ लागली आणि खाली देशाचे नाव उमटले. मी चष्मा आणायला गेलो तो परत येऊन तिथेच बसलो. पहाटे सौ. दूध घ्यायला उठली तेव्हा बाप-लेक दोघेही तिथेच. पुढे काय झाले ते दिवाळी अंकात लिहिण्यासारखे नाही.

ज्यांच्या घरात अशी कन्या नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. युरोपातल्या नभोवाणी-दूरचित्रवाणी संस्थांनी मिळून १९५६ साली ही स्पर्धा सुरू केली. पहिली स्पर्धा स्वित्झर्लंडमधल्या लुगानो गावी झाली. सात देश आले, प्रत्येकाने दोन-दोन गाणी म्हटली आणि यजमान स्वित्झर्लंडच जिंकला. प्रत्येक देशाचे दोन पंच असत आणि त्यांना आपल्या स्वतःच्या देशालाही गुण देण्याची मुभा होती. लक्झेम्बर्गच्या पंचांना त्या दिवशी येणे जमले नाही, तेव्हा त्यांच्या वतीने गुण देण्याचे काम कुणी केले असेल? स्विस पंचांनी! गुणतक्ता कधीच जाहीर झाला नाही. आमच्याकडच्या भजनस्पर्धांतून पंच झालेला कुठलाही माणूस हे वाचून गालात हसेल. त्याला यात परके असे काहीच वाटणार नाही.

तर ते लक्झेम्बर्ग. फ्रान्स, जर्मनी आणि बेल्जियम या तिघांच्या बेचक्यात बसलेला हा देश. आज त्याची वस्ती पावणेसात लाखांच्या आसपास आहे. आकडा वाचला की मला हिशेब करायची खोड आहे. २०११ च्या शिरगणतीत आमच्या आंबेगाव तालुक्याची वस्ती सुमारे दोन लाख छत्तीस हजार आणि शेजारच्या जुन्नर तालुक्याची सुमारे चार लाख. म्हणजे भीमाशंकरापासून आळेफाट्यापर्यंत एक रेघ मारा, दोन तालुके एकत्र करा, त्याला एक राजा, एक झेंडा आणि एक नभोवाणी केंद्र द्या, की झाले लक्झेम्बर्ग! फरक एवढाच, की त्या चिमुकल्या देशाने ही स्पर्धा पाच वेळा जिंकली आहे : १९६१, १९६५, १९७२, १९७३ आणि १९८३.

हे कन्येने सांगितले तेव्हा मी मनापासून टाळी वाजवली. लहान देश, लहान भाषा, आणि मोठ्यामोठ्यांना पाणी पाजले! माझ्या मनात भाषणच तयार झाले. पण कन्या माझ्यासारखी भावनेवर जगणारी नाही. ती म्हणाली, "बाबा, थांबा. त्या पाचांतला एकही जण लक्झेम्बर्गचा नव्हता."

खरेच नव्हता. १९६१ चे ज्याँ-क्लोद पास्काल फ्रेंच. १९६५ ची फ्रान्स गाल नावाप्रमाणेच फ्रेंच, आणि तिचे मेणाच्या बाहुलीचे गाणे लिहिणारा सर्ज गेन्सबूरही फ्रेंच. १९७२ ची विकी लेआन्द्रोस ग्रीक. १९७३ ची आन-मारी दाव्हिद आणि १९८३ ची कोरीन एर्मेस पुन्हा फ्रेंच. पाचही गाणी फ्रेंच भाषेत. म्हणजे घोडा दुसऱ्याचा, स्वार दुसऱ्याचा, फक्त झेंडा घरचा. आमच्याकडे यात्रेच्या बैलगाडा शर्यतीत बाहेरून आणलेली जोडी आपल्या नावाने घाटात सोडायची पद्धत आहे, त्यातलाच प्रकार. बारी बसली की फेटे मात्र आपल्याच डोक्यावर.

पण हे असे का झाले, हे पाहू गेलो तेव्हा मला आपल्याच घरातली एक जुनी गोष्ट सापडली आणि माझा राग थोडा निवळला. ब्रिटनमध्ये बीबीसीवर जाहिराती नसत आणि हलकीफुलकी गाणी लोकांना हवी तेवढी मिळत नसत. तेव्हा १९३३ पासून रेडिओ लक्झेम्बर्गने आपल्या जबरदस्त प्रक्षेपकावरून थेट इंग्रजीत कार्यक्रम सुरू केले. देश मुठीएवढा, पण आवाज साऱ्या इंग्लंडभर. ऐकणारे दुसऱ्या देशातले, भाषा दुसऱ्या देशाची, पैसे साबण विकणाऱ्यांचे. आकाश तेवढे लक्झेम्बर्गचे.

वाचकहो, हे तुम्ही कुठे ऐकले आहे की नाही? आठवा. आपल्याकडे १९५२ साली डॉ. बा. वि. केसकर नभोवाणीमंत्री झाले. हा आपला मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा कट्टर कैवारी. त्यांनी सिनेसंगीताला आकाशवाणीवर जवळजवळ दार बंद केले. लोकांनी काय केले? रेडिओची कळ फिरवून सिलोन लावले. दुसऱ्या महायुद्धात माउंटबॅटनसाहेबांच्या फौजेसाठी कोलंबोला उभारलेला प्रक्षेपक युद्धानंतर सिलोनच्या हाती आला होता. त्याच्या जोरावर त्या बेटाने साऱ्या हिंदुस्थानला हिंदी गाणी ऐकवली. १९५२ च्या डिसेंबरात बिनाका गीतमाला सुरू झाली. अमीन सयानी मुंबईत बोलत, ध्वनिफिती विमानाने कोलंबोला जात, आणि बुधवारी रात्री आठला तोच आवाज समुद्र ओलांडून मंचरच्या बाजारपेठेत येई. आमचे वडील सांगत, की पेठेत ज्या दुकानात रेडिओ होता त्या दुकानाच्या पायरीवर बुधवारी बसायला जागा मिळत नसे, आणि दुकानदार बटाट्याच्या गोणीवर बसू देण्याचा मोबदला म्हणून कुणाला तरी झाडू मारायला लावी. केसकरांनी १९५७ साली विविध भारती सुरू होऊ दिली, ती सिलोनने आणलेल्या घामामुळेच. तेव्हा लहान देश मोठ्या शेजाऱ्याला काय देऊ शकतो, तर मोठ्याने ज्याला दारात उभे केले नाही त्याला ओसरी देऊ शकतो. लक्झेम्बर्गने पॅरिसच्या गायकांना ओसरी दिली. यात चूक काय?

एवढ्यावर मी समाधान मानून विषय मिटवलाही असता. पण मग मला १९६० सालची नोंद दिसली आणि तिथे मी अडकलो तो आजपर्यंत.

१९६० ची स्पर्धा २९ मार्चला लंडनमध्ये झाली. आपला महाराष्ट्र जन्माला यायला महिनाभर अवकाश होता. त्या वर्षी लक्झेम्बर्गने एक निराळीच गोष्ट केली. पॅरिसहून कुणाला न बोलावता आपल्याच देशातला गडी उभा केला. त्याचे नाव कामिलो फेल्गेन. आणि तो गायला तेही फ्रेंचमध्ये नव्हे, जर्मनमध्ये नव्हे, तर लक्झेम्बर्गी भाषेत. ही भाषा म्हणजे त्या देशाच्या चुलीपाशी बोलायची भाषा. शाळेत मूल अक्षरे गिरवी ती जर्मनची, मोठे झाले की फ्रेंच. कायदे फ्रेंचमध्ये, वर्तमानपत्रे बरीचशी जर्मनमध्ये. घरची भाषा घरातच. तिला राष्ट्रभाषा म्हणून कायद्याने मान्यता मिळायला १९८४ साल उजाडावे लागले. आणि हा मनुष्य चोवीस वर्षे आधीच ती भाषा घेऊन लंडनच्या रंगमंचावर उभा राहिला.

तेव्हाची गुण देण्याची रीत सोपी होती. प्रत्येक देशात दहा पंच; प्रत्येक पंचाने आपल्याला सर्वांत आवडलेल्या एकाच गाण्याला एक गुण द्यायचा; स्वतःच्या देशाला मात्र नाही. त्या वर्षी तेरा देश होते. म्हणजे फेल्गेनला गुण देऊ शकतील असे पंच बारा दाहे एकशेवीस. या एकशेवीसांपैकी कितीजणांना त्याचे गाणे सर्वांत आवडले?

एकाला.

एक गुण, आणि तेराव्या क्रमांकाचे, म्हणजे शेवटचे स्थान. पुढच्या वर्षी लक्झेम्बर्गने फ्रेंच गायक धाडला आणि स्पर्धा जिंकली. त्याच्या पुढच्या वर्षी, १९६२ साली, हाच फेल्गेन पुन्हा उभा राहिला. या खेपेला फ्रेंच गाणे घेऊन. तिसरा आला. गळा तोच, माणूस तोच, दोनच वर्षांचे अंतर. हा गृहस्थ रेडिओ लक्झेम्बर्गवर काम करी आणि भाषांचा मोठा जाणकार होता. १९६४ साली बीटल्स मंडळींना आपली दोन गाणी जर्मनमध्ये म्हणायची होती, तेव्हा त्यांना जर्मन शब्द जुळवून देणारा हाच. दुसऱ्याच्या भाषेत त्याचे कुठे अडले नाही. अडले ते स्वतःच्या भाषेत.

मला वाटले, हा योगायोग असेल. म्हणून माल्टाकडे पाहिले. भूमध्य समुद्रातले ते बेट. त्याने १९७१ साली प्रथम भाग घेतला, माल्टी भाषेत गायले आणि शेवटचा आला. १९७२ साली पुन्हा माल्टीत गायले आणि पुन्हा शेवटचा आला. पुढे माल्टा इंग्रजीकडे वळला. १९९२ साली तिसरा, १९९८ साली तिसरा, २००२ आणि २००५ साली दुसरा. आता कोण कुणाला दोष देणार? त्यातली अलीकडची गंमत ऐका. २०२५ साली माल्टाच्या मिरियाना कॉन्तेने इंग्रजी गाण्यात एकच माल्टी शब्द ठेवला होता : गाणे या अर्थाचा. दुर्दैवाने तो शब्द इंग्रजी कानाला एका असभ्य शब्दासारखा लागतो. बीबीसीने हरकत घेतल्याच्या बातम्या आल्या आणि मार्चमध्ये तो शब्द काढून टाकावा लागला. त्या बाईंनीही ही मौज समजून-उमजूनच केली होती, हे कबूल केले पाहिजे. अगदी भाबडेपणाची बाजू घेण्यात अर्थ नाही. तरीदेखील गाण्याच्या स्पर्धेत एका देशाला 'गाणे' हा शब्द म्हणता येऊ नये, याला काय म्हणावे?

आता उलट उदाहरणेही आहेत, ती लपवणे बरे नव्हे. कोणत्या भाषेत गायचे यावर संयोजकांनी मधूनमधून बंधने घातली, मधूनमधून काढली. १९९९ पासून ज्याला जी हवी ती भाषा. त्यानंतर बहुतेकांनी इंग्रजी धरली. आणि २०१७ साली पोर्तुगालचा साल्व्हादोर सोब्राल नावाचा तरुण उभा राहिला. बहिणीने लिहिलेले साधे, हळू गाणे, पोर्तुगीजमध्ये. नाच नाही, धूर नाही, मागे आगीचे लोळ नाहीत. तो जिंकला. १९६४ साली पोर्तुगाल पहिल्यांदा आला तेव्हा त्याला शून्य गुण मिळाले होते. त्या शून्यापासून पहिल्या विजयापर्यंत त्रेपन्न वर्षे. पण पोर्तुगीज ही काही चुलीपाशीच राहिलेली भाषा नव्हे; अर्ध्या जगावर राज्य करून आलेली, आपल्या गोव्यात साडेचारशे वर्षे ठाण मांडून बसलेली भाषा आहे. तिच्याकडे बोट दाखवून लक्झेम्बर्गीला 'बघ, शीक' म्हणणे म्हणजे इनामदाराच्या मुलाकडे बोट दाखवून कुळाच्या मुलाला शिकवण्यासारखे आहे.

लक्झेम्बर्गचे पुढचे थोडक्यात सांगतो. १९९२ साली त्यांनी पुन्हा एकदा आपल्या भाषेत गायले, पुन्हा तळाजवळच. १९९३ साली थोडी फ्रेंच, थोडी घरची, अशी मिसळ करून पाहिली. तीही कुणाला रुचली नाही. त्या सुमारास पूर्वेकडचे नवे देश स्पर्धेत येऊ लागले होते, म्हणून तळाच्या देशांनी पुढचे वर्ष घरी बसावे असा नियम झाला. लक्झेम्बर्ग घरी बसला तो तीस वर्षे उठलाच नाही. २०२४ साली परत आला. ताली नावाच्या तरुणीने फ्रेंच आणि इंग्रजीत गाऊन तेरावा क्रमांक मिळवला. योगायोग पाहा, पुन्हा तेरावाच. पण या खेपेला खाली आणखी बरेच होते. आणि २०२५ ला ती बाहुली आली, जिने माझी झोप मोडली : लॉरा थॉर्न. तिचे गाणे साठ वर्षांपूर्वीच्या फ्रान्स गालच्या बाहुलीला दिलेले उत्तर होते. ती बाहुली दुसऱ्यांच्या हातात होती, ही स्वतः आवाज वाढवते, असा काहीसा भाव. गाणे फ्रेंचच. बाविसावी आली. कन्या हळहळली. मी मात्र त्या मुलीचे कौतुक केले. इकडे बाहेर उसाच्या बाजूला कुत्री भुंकू लागली म्हणून खिडकी लावून घेतली, आणि निकाल पाहूनच उठलो.

तर तो एक गुण. माझ्या डोक्यातून तो जाईना, आणि का जाईना ते आता सांगतो. संपादकमहाशयांनी वर्ज्य केलेला विद्यार्थी इथे येतो आहे. त्यांनी पुढची दोन पाने वाचली नाहीत तरी चालेल.

सात-आठ वर्षांपूर्वी एका गणेश मंडळाने गायनस्पर्धा ठेवली होती आणि तीन पंचांत मला बसवले होते. एक पेटीमास्तर, एक निवृत्त मुख्याध्यापक आणि मी. मराठीचा प्राध्यापक म्हणून शब्दोच्चाराचा रकाना माझ्याकडे. अशा स्पर्धा आमच्या भागात पुष्कळ होतात. गाण्याची चढाओढ ही काही आम्हाला युरोपने शिकवलेली नाही. कलगीवाले आणि तुरेवाले शाहीर रात्ररात्र एकमेकांना सवाल घालीत आणि हरणाऱ्याचा डफ काढून घेतला जाई, असे दिवस या मुलखाने पाहिले. पलीकडच्या नारायणगावात तर आजही पाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे यात्रा-पंच येतात आणि सुपाऱ्या ठरतात. विठाबाई नारायणगावकरांना १९५७ साली आणि १९९० साली राष्ट्रपतींकडून गौरव मिळाला, पण त्याआधी या यात्रा-पंचांसमोर उभे राहावे लागले ते वेगळेच. असो.

त्या स्पर्धेत डिंभे धरणाच्या वरच्या अंगाच्या, डोंगरातल्या गावाची एक मुलगी आली होती. आठवीत असेल. बहुतेकांनी मागे तयार वाद्यांची फीत लावून हिंदी सिनेमाची गाणी म्हटली. ही मुलगी हात मागे बांधून उभी राहिली आणि भाताच्या आवणीचे गाणे म्हणू लागली. पेटीमास्तरांनी सूर द्यायचा प्रयत्न केला, पण तिचा सूर पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी होता, म्हणून त्यांनी भाता सोडून दिला. ती 'पाणी'ला 'पानी' म्हणाली, 'कोणी'ला 'कोनी' म्हणाली. आणखीही काही शब्द होते जे मला कळले नाहीत. मी दहापैकी चार गुण दिले.

त्याच आठवड्यात मी वर्गात 'बोली म्हणजे प्रमाणभाषेची माय' असे ठासून सांगितले होते. टिपणे अजून आहेत.

पहिला आला तो हिंदी गाणारा मुलगा. त्याला मी उच्चाराचे नऊ गुण दिले होते. त्याने हिंदीतले सारे 'ज' आणि 'झ' आपल्या मंचरच्या पद्धतीने म्हटले होते. तो उर्दूचा पंच असता तर त्यालाही चारच मिळाले असते. पण तिथे मी बसलो होतो आणि हिंदीत चुकतो ते मला चुकलेसे वाटत नाही. मराठीत चुकतो ते मात्र टोचते.

मी हे सारे विसरलो होतो. गेल्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या युवक महोत्सवासाठी आमच्या कॉलेजात निवड चालली होती. दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी आली आणि एक हिंदी गाणे फार सुरेख गायली. नाव-गाव विचारले तर डिंभ्याच्या वरचे गाव. मला हुरूप आला. म्हटले, "अगं, तुमच्याकडे आवणीची केवढी गाणी! तू लोकगीतात का नाही नाव देत?"

ती म्हणाली, "नको सर. त्याला चार गुण पडतात."

"चार? कुणी सांगितलं तुला?"

तिने खाली पाहिले. मग म्हणाली, "गणपतीत सर. गुणांचा कागद मांडवात लावला होता. वडिलांनी वाचून दाखवला. सूर सात, ताल आठ, उच्चार चार."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. बाजारात कांद्याचा भाव सांगावा तसे तिने सांगितले. मला वाटते, ती रागावून बोलली असती तर मला सोपे गेले असते. मी काही वेळ समोरचे कागद सरळ केले. मग, प्राध्यापकांना जी सवय असते त्याप्रमाणे, मी आपल्या अपराधाबद्दल बोलायचे टाळून तिला लक्झेम्बर्गची गोष्ट सांगितली. एकशेवीस पंच, एक गुण, चुलीपाशीची भाषा, सारे रंगवून. ती लक्ष देऊन ऐकत होती. शेवटी तिने विचारले, "मग सर, पुढच्या खेपेला त्याने काय गायलं?"

"फ्रेंच गाणं."

"कितवा आला?"

"तिसरा."

"म्हणजे शहाणाच की!" असे म्हणून ती हसली, आणि मीही हसलो. दुसरे करणार काय? दाखला माझा आणि निकाल तिच्या बाजूचा.

घरी येऊन सौ.ला सांगितले. ती म्हणाली, "अहो, गोष्टी कसल्या सांगता? चार गुण चुकीचे दिले होते एवढं म्हणालात का तिला?" बायकांची ही एक खोड आहे, सरळ रस्ता असला की त्या वळणाने जात नाहीत. दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला बोलावून तेवढे म्हणालो. ती इतकी गोंधळली की "जाऊ द्या सर" म्हणत दारापर्यंत मागे-मागे चालत गेली. परंतु दोन दिवसांनी आपण होऊन आली. म्हणाली, "ते गाणं मला पुरतं येत नाही. आजीला येतं. तिसरं कडवं मला कधी नीट लागलंच नाही."

"मग आजीला फोन लाव की."

"लावला सर. टेकडीवर चढल्याशिवाय तिकडे रेंज येत नाही, चुलत्याने तिला वर नेली. पण ती म्हणते, चिखलात पाय असल्याशिवाय ते तोंडात येत नाही."

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवले. भाषाशास्त्राच्या दोन पुस्तकांत मला ते इतके स्वच्छ मिळाले नव्हते. पण त्याने अडचण मिटत नाही. आवणी होते आषाढात, आणि आता भात कापणीला आले आहे. चिखल आणायचा कुठून? मुलीने त्यावर तोड काढली आहे. दिवाळीच्या सुटीत ती गावी जाणार, कापणीला आजीच्या शेजारी विळा घेऊन उभी राहणार, आणि निदान भाताच्या वासाने तरी म्हातारीला काही सुचते का ते पाहणार. सुचले तर लोकगीत, नाही तर ते हिंदी. तिने मला स्पष्टच सांगून ठेवले आहे, की अर्धे गाणे घेऊन ती उभी राहायची नाही. मी आग्रह केला नाही. चार गुण देणाऱ्याला आग्रहाचा अधिकार किती, हा एक प्रश्न. आणि दुसरे असे, की फेल्गेनचे काय झाले हे तिला आता ठाऊक आहे.

प्रवेशपत्र माझ्या टेबलावर आहे. त्यावर तिचे नाव आहे, वर्ग आहे, गीताचा रकाना कोरा आहे. शेवटची तारीख सुटी संपल्यावर तीन दिवसांनी. महोत्सवाला मुलांना घेऊन जाण्याचे काम या वर्षी माझ्याकडे आले आहे, म्हणजे बसभाडे, डबे आणि कोण कुठे हरवले ते मोजणे. पंच बाहेरगावचे आहेत. त्यांत मी नाही, एवढे मी आधीच चौकशी करून ठेवले आहे.